श्रीनगर ते कन्याकुमारी, मार्गे नंदनवन

तारीख २६ नोव्हेंबर २०२३, रविवार. रक्कम बावीस हजार रुपये. अकरा माझे, अकरा माझ्या मित्राचे. हजर चौघे: मी, तो, त्याची बायको आणि माझी बायको. जागा आमच्या घरची पुढची खोली. ठरले ते असे की पुढच्या सप्टेंबरच्या अखेरीस आम्ही दोघांनी श्रीनगरहून सायकलने निघायचे आणि कन्याकुमारीपर्यंत जायचे. पैसे माझ्याजवळ राहणार होते, कारण मी सरकारी कार्यालयात लेखा शाखेत काम करतो आणि मित्राच्या मते माझ्या हातून पैसा सहसा सुटत नाही.

एवढे आधी लिहून ठेवल्याशिवाय मला पुढचे सांगता येत नाही. नोकरीची सवय आहे.

आम्ही दोघे पाचवीपासूनचे. नंदनवनात त्याचे मोटर वाइंडिंगचे दुकान आहे. मार्च लागला की अर्ध्या वस्तीच्या कूलरचे पंप आणि पंख्यांच्या मोटरी त्याच्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसतात. तांब्याची तार गुंडाळताना तो वेढे बोटांनी मोजतो आणि त्याच वेळी गिऱ्हाइकाशी वादही घालू शकतो. मी त्याच्यापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतो. आमच्या बायकांची ओळख आमच्यामुळे झाली, पण आता त्यांचे आमच्यावाचून अडत नाही.

अंधार पडला की त्याला कमी दिसायचे, हे शाळेपासून आम्हाला माहीत होते. संध्याकाळच्या खेळात तो चेंडू हरवायचा आणि आम्ही चिडवायचो. पण अलीकडे दिवसाही काहीतरी चुकू लागले होते. दाराच्या चौकटीला त्याचा खांदा लागे. ताटाच्या कडेची वाटी हाताने कलंडे. वहिनींना, म्हणजे त्याच्या बायकोला, वाटायचे, जेवताना लक्ष दुकानात असते. दिवाळीच्या आधी मी त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. तिथे एका यंत्रात हनुवटी टेकवून बसायचे, आत बारीक दिवे लागतील, दिवा दिसला की हातातले बटण दाबायचे. मी स्टुलावर बसून बटणाचा आवाज ऐकत होतो. सुरुवातीला आवाज आला, मग बराच वेळ आलाच नाही. तो बिचारा दिव्याची वाट पाहत बसला होता.

तपासणीचा जो कागद निघाला तो जवळजवळ पूर्ण काळा होता. मधोमध आठ आण्याच्या नाण्याएवढी जागा पांढरी. डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितले. नजर कडेकडून आत जात चालली आहे. नळीतून पाहावे तसे समोरचे तेवढे दिसते. यावर औषध नाही. मधले किती दिवस टिकेल? पुष्कळांचे बरीच वर्षे टिकते, काहींचे टिकत नाही. गाडी चालवायची नाही हेही त्यांनी सांगितले. सायकलचे आम्ही विचारले नाही.

परत येताना तो माझ्या स्कूटरवर मागे बसला होता, त्यामुळे त्याचा चेहरा मला दिसला नाही. गाडी चालू असतानाच तो बोलला, आणि त्या प्रवासाचे सगळे नियोजन त्या बोलण्यातून निघाले म्हणून ते जसेच्या तसे लिहितो.

"रेलगाडीत, मोटरीत सगळं बाजूनं पळते. मले बाजूच नाही आता. सायकलवर रस्ता समोरून येते, अन् हळू येते. तेवढंच दिसते तर तेवढंच पाहून घेतो. पूरा देश. वरून खालपर्यंत."

मी म्हणालो, विचार करू. तो म्हणाला, विचार तू कर, मी चेनला तेल टाकतो.

कॉलेजात असताना आम्ही सायकलने रामटेकला जायचो, गडावर चढायचो आणि संध्याकाळच्या आत परत यायचो. तो नेहमी पुढे असायचा. पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा सायकल धरण्यात त्यामुळे मला फार नवल वाटले नाही. देशाची लांबी छत्तीसशे किलोमीटरच्या वर भरते, हे मात्र कागदावर मांडल्यावर नीट कळले. मी नकाशाची पाने छापून चिकटवली. ती पट्टी आमच्या पुढच्या खोलीत मावेना. श्रीनगर दारात आले आणि कन्याकुमारी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर गेली. बायको म्हणाली, समुद्र माझ्या ओट्याखाली येतो तर निदान फरशी तरी पुसून घेते.

नियोजनात मला रस होता, हे नाकारत नाही. काश्मीरची थंडी पडायच्या आत निघायचे आणि तामिळनाडूचा पाऊस सरताना पोचायचे, हे जुळवायला अनेक रविवार लागले. रोज ऐंशी किलोमीटर धरले. आठवड्यात एक दिवस विश्रांती. माझी अर्जित रजा पुरत होती. त्याच्या दुकानाचा तो मंदीचा काळ. थंडीत कूलर कोण दुरुस्त करून घेतो?

नागपूरकर कुठेही जायचे म्हटले की आधी आपण मधोमध असल्याचे सांगतो. इथे तर रस्ताच आमच्या शहरातून जात होता. दोन्ही भाग मोजले तर उत्तरेचा भाग शंभरेक किलोमीटरने मोठा निघाला. मित्राला ते मान्य नव्हते. त्याचे म्हणणे, मोजणी चुकली असेल, नागपूर मधातच आहे. मग मधल्या मुक्कामावरून चर्चा झाली. वहिनींनी त्या दिवशी वडाभात करायचा असे ठरवून टाकले. माझ्या बायकोचे म्हणणे होते की घर येतेच आहे तर दोन दिवस थांबा आणि कपडे धुऊन घ्या. मित्र एकदम गंभीर झाला.

"घरी थांबायचंच नाही," तो म्हणाला. "वर्धा रोडच्या तिकडं धाब्यावर झोपू. एकदा पलंगावर पडलो तर हा उठते काय?"

हा म्हणजे मी. सगळे हसले. वहिनी म्हणाल्या, मग वडाभात धाब्यावर आणून देते, पण खायचा तर माझाच.

त्याच दिवशी निघताना वहिनी फाटकाशी मागे राहिल्या. मित्र पुढे जाऊन सायकलचे कुलूप चाचपत होता. त्या हळू आवाजात बोलल्या.

"भाऊजी, ह्यायले मी नाही म्हटलं तर आयुष्यभर म्हणतीन का बायकोनं जाऊ देल्लं नाही. हो का नाही, ते तुमी ठरवा. तुमचं ऐकतीन."

मी म्हणालो, पाहू. ते सोपे काम नव्हते, हे मला तेव्हाच कळले होते. त्याला जायला मिळावे ही माझी इच्छा होती आणि तो परत यावा ही वहिनींची. दोन्हींचा निर्णय माझ्याकडे आला होता.

म्हणून सरावाच्या फेऱ्या लावल्या. रविवारी पूर्ण उजाडल्यावर निघायचे, कामठी मागे टाकायची, मनसरपर्यंत जायचे आणि ऊन उतरायच्या आत परत. हा रस्ता मी मुद्दाम निवडला होता. श्रीनगरहून येणारा मोठा रस्ता तो हाच. उत्तरेकडून येताना आम्ही इथूनच शहरात शिरणार होतो. तो पुढे, मी मागे. मागे राहून मी त्याच्याकडे पाहत होतो. समोरचा खड्डा त्याला माझ्याआधी दिसे. दूरच्या ट्रकच्या पाठीवरचा मजकूर तो मोठ्याने वाचून दाखवी. पण डावीकडून शेळी आली तर त्याची मान हलत नसे. शेअर ऑटो कडेने घुसला की तो ऑटो त्याच्या हँडलपुढे येईपर्यंत त्याच्या लेखी नसायचाच. मी मागून ओरडायचो, तो थांबायचा, हसायचा आणि म्हणायचा, अबे, घंटी वाजव, शिव्या कायले देतेस.

जानेवारीतल्या तिसऱ्या फेरीत, परत येताना, कामठीच्या बाजाराजवळ एक म्हातारी बोरांची टोपली डोक्यावर घेऊन रस्ता ओलांडत होती. ती उजवीकडून आली. मी ओरडलो, पण गर्दीत त्याला ऐकू गेले नाही. त्याच्या हँडलचे टोक तिच्या कमरेला लागले. वेग फार नव्हता. ती खाली बसली आणि टोपली उलटली. बोरे रस्ताभर झाली.

त्याला आपण कशाला धडकलो हेच कळले नव्हते. सायकल धरून तो समोर पाहत उभा होता आणि विचारत होता, कोण होतं?

म्हातारीचे कोपर सोलले होते. तिने खालूनच त्याला झाडले. तिच्या जागी कोणीही जे बोलले असते तेच ती बोलली.

"आंधळा हायेस काय रे?"

"हो, मावशी," तो म्हणाला. "थोडा."

आपण आंधळे आहोत हे मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकले. तो सायकल आडवी टाकून गुडघ्यावर बसला आणि बोरे वेचू लागला. समोरची तेवढी उचलायचा. हाताच्या पंजाशेजारी चार-पाच पडलेली असायची, ती तशीच राहायची. म्हातारी आधी पुटपुटत होती. मग ती त्याच्या हातांकडे पाहू लागली. थोड्या वेळाने म्हणाली, राहू दे बापू, मी भरतो. तिकडच्या बाया स्वतःबद्दल असेच बोलतात. मी तिला पाचशे रुपये दिले. प्रवासाच्या पैशांतला तो पहिला खर्च.

तिथून घरापर्यंत मी पुढे झालो आणि तो माझ्या मागून आला. मी पिवळा शर्ट घातला होता. मी थांबलो की तो थांबे, मी वळलो की वळे. एकही चूक झाली नाही.

पुढच्या रविवारी त्याच्या दुकानात जाऊन मी नाही म्हणालो. कारणे सांगायची गरज नव्हती. तो एका पंपाच्या मोटरीत तार भरत होता. वेढे पूर्ण करून त्याने तारेचे टोक कापले आणि विचारले, चहा घेशील? मी घेतला. तो मला काही बोलला नाही, वहिनींना काही बोलला नाही. पण पुढच्या दहा-बारा दिवसांत तो आमच्याकडे आला नाही, आणि आला तेव्हा जमिनीवर नकाशा पसरलेला नव्हता तरी तिथून पाय उचलून चालला.

मला ते पाहवले नाही. मी पुन्हा कागद घेतला आणि हिशेब मांडला. तो माझ्या मागे बिनचूक येतो. मग त्याने माझ्या मागेच का बसू नये? दोन सिटांची, दोघांनी पायडल मारायची सायकल असते. पुढच्याच्या हाती हँडल आणि ब्रेक, मागच्याने फक्त जोर लावायचा. विकतची फार महाग पडत होती. कामठीला हातगाड्या आणि सायकल रिक्षा बनवणारा एक वेल्डर होता. त्याने दोन जुन्या सायकली कापून एक बनवायचे साडेनऊ हजार सांगितले.

मी मित्राला सांगितले तेव्हा त्याने हातातले काम खाली ठेवले. वहिनीही दुकानात होत्या. मी त्यांच्याकडे पाहिले. हँडल तुमच्या हाती राहीन ना, एवढेच त्यांनी विचारले. मी हो म्हणालो आणि त्यांनी मान हलवली.

पुढचे तीन आठवडे तो जितका खूश होता तितका मी त्याला आधी फार क्वचित पाहिले आहे. शेअर ऑटोने तो एकटा कामठीला जायचा आणि वेल्डरच्या डोक्याशी बसायचा. मागच्या पायडलची चेन पुढच्या चक्रावर सरळ बसेना. त्याने दोन्ही चक्रांवर बोटे फिरवून कुठे किती तिरपे आहे ते सांगितले आणि दोनदा वेल्डिंग तोडायला लावले. मागच्या सीटसाठी त्याने स्वतः जाड गादी आणली. नकाशाची पट्टी पुन्हा जमिनीवर आली. माझी बायको म्हणाली, लग्नानंतर मला कधी डबलसीट फिरवलं नाही, आता याला घेऊन देश हिंडणार. तो म्हणाला, वहिनी, तुमी बसा मांगं, मी धाब्यावर वाट पाहतो.

आम्ही चौघे त्या सायकलबद्दल किती बोललो असू. चेन, ब्रेक, टायर, वजन, चढ. एक गोष्ट चौघांपैकी कोणाच्याही ध्यानात आली नाही.

फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी आम्ही ती रस्त्यावर काढली. सुरुवातीला डगमगलो, मग लय सापडली. कामठी गेली, कन्हानचा पूल गेला. दोघांचे पाय लागत असल्याने ती सायकल वाऱ्यासारखी पळत होती. पळस फुलला होता. मी आनंदात होतो आणि मनात हिशेब करत होतो की रोजचे ऐंशीऐवजी नव्वद धरता येतील.

मनसरच्या अलीकडे माझ्या पायांना कळले की मागचा जोर गेला. पायडल फिरत होते, पण माझ्या एकट्याच्या बळावर.

त्याने विचारले, समोर काय आहे? मी सांगितले: एक ट्रक, पुढे चढ, डाव्या हाताला दोन पळस, लांबवर रामटेकचा डोंगर. थोडे अंतर गेल्यावर त्याने पुन्हा विचारले. मी पुन्हा सांगितले. तिसऱ्यांदा विचारले तेव्हा मी म्हणालो, दमलास काय?

"नाही दमलो. तुही पाठ दिसून राहिली, बे. निघालो तवापासून पाठच. कॉलरची शिवण उसवली आहे, घरी गेल्यावर वहिनीले सांगजो."

मी ब्रेक लावला. दोघे उतरलो. ट्रक जात होते. त्याला जे आठ आण्याएवढे समोरचे दिसत होते, नेमके तेवढेच झाकून मी तीस किलोमीटर आलो होतो, आणि छत्तीसशे किलोमीटर तसाच जाणार होतो.

मी काय बोललो आठवत नाही. बहुधा सीट उंच करून पाहू, असे काहीतरी. आम्ही खरोखर करून पाहिले. पाना त्याच्या खिशात होता. सीट उंच केली तर त्याचे पाय पुरेनात. तो मान बाजूला काढून पाहू लागला तर सायकल त्या बाजूला कलू लागली. मग रामटेकच्या फाट्यावरून आत वळलो आणि शेतांतून जाणाऱ्या एका कच्च्या रस्त्यावर सायकल उभी केली. दोन्ही बाजूंना धानाच्या कापलेल्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरे, खुंट तेवढे उरलेले. चिटपाखरू नव्हते. मी त्याला म्हणालो, तू पुढे बस.

तो म्हणाला, वेडा झालास काय.

मी म्हणालो, रस्ता सरळ आहे, बाजूचे मी सांगतो, तू समोर पाहा.

तो पुढे बसला. मागे बसलेल्याच्या हातात काही नसते, हे मला तेव्हा कळले. धरायला नुसता एक आडवा नळ, ना ब्रेक ना वळण. मला त्याची पाठ दिसत होती आणि मानेमागचे पांढरे झालेले केस. मी म्हणत होतो, डावीकडे काही नाही, उजवीकडे बांध, सरळ, सरळ. हळूहळू त्याचे पाय जोरात पडू लागले. एकदा नुसते म्हणाला, वा. कशाला म्हणाला ते मला दिसले नाही. डोंगर समोरच असणार, आणि त्यावरची देवळे.

साधारण एक किलोमीटर आम्ही असे गेलो असू. पुढे रस्ता कालव्याला लागत होता आणि त्यावर कठडा नसलेला पूल होता. मी सांगायच्या आधीच त्याने ब्रेक दाबले आणि पाय टेकवले.

"काहून थांबलास?" मी विचारले. "पूल सरळच तर आहे. मी सांगतो ना."

"एकटा असतो तर गेलो असतो," तो म्हणाला. "तू मांगं बसला आहेस."

तो उतरला आणि मागच्या सीटकडे आला. गादीवर हात ठेवून थोडा वेळ उभा राहिला. मग म्हणाला, चल, आता घरी ने, दुकानात दोन पंप पडले आहेत. परतीच्या वाटेवर त्याने समोर काय आहे ते विचारले नाही. मीही सांगितले नाही. त्याचा जोर मात्र घरापर्यंत पायडलवर होता.

वेल्डरचे साडेनऊ हजार दिलेलेच होते. सायकल मित्राच्या दुकानामागच्या शेडमध्ये उभी राहिली. नकाशाची पट्टी मी गुंडाळली. उन्हाळा आला आणि कूलरच्या कामात त्याला मान वर करायला फुरसत राहिली नाही. बोटांचे काम चालू होते. पण मे महिन्यात तो मला म्हणाला की तारेचा रंग आता नीट कळत नाही, आणि जूनमध्ये गिऱ्हाईक बोलल्याशिवाय तो त्याला ओळखेना. डॉक्टरांनी पुन्हा तपासले. मधलेही धूसर होत चालले होते. काहींचे टिकत नाही असे त्यांनी सांगितले होते, त्यांत तो निघाला.

घरापासून दुकान सहाशे मीटरवर. जुलैपर्यंत वहिनी त्याला हात धरून पोचवू लागल्या आणि दुपारी घ्यायला येऊ लागल्या. हे त्याला फार लागले. चौकातले लोक वहिनींना रोज विचारायचे, आज काय म्हणते तब्येत, आणि तो शेजारीच उभा असायचा. पांढरी काठी घेऊन चालायला शिकवणाऱ्या एक बाई शहरात आहेत, घरी येऊन शिकवतात, अशी माहिती माझ्या बायकोने कुठून तरी काढून आणली. तो नाहीच म्हणाला. नंदनवनात सगळा जन्म गेला आणि इथे काठी आपटत फिरू काय, असे त्याचे म्हणणे. वहिनींनी समजावले, मी समजावले. शेवटी पावसाळी एका दुपारी दुकानात बसलो असताना त्याने आपणच विषय काढला.

"त्या बाईले बोलाव," तो म्हणाला. "पण घरातून पैसे नाही देणार मी. सायकलीच्या पैशातून दे. ते कशाले ठेवले आता?"

महिन्याचे साडेतीन हजार, तीन महिने शिकवणार असे ठरले. बाई स्कूटीवर येत. त्यांचा आवाज बारीक आणि बोलणे कडक होते. पहिल्या दिवशी त्यांनी त्याला सांगितले की तुम्हाला रस्ता माहीत आहे असे तुम्हाला वाटते, पण तुम्हाला तो फक्त पाहून माहीत आहे. तो चिडला. मग शिकला. गटारीवरची सैल फरशी, पानठेल्याच्या पत्र्याचा आवाज, पिठाच्या गिरणीची ऊब, वळणावरच्या कडुलिंबाची मुळे. काठी तो धरायचा तशीच, जशी तार धरतो.

सप्टेंबरच्या अखेरीस, ज्या आठवड्यात आम्ही श्रीनगरहून निघणार होतो, त्या आठवड्यात बाईंनी त्याला एकट्याने दुकानापर्यंत जायला सांगितले. त्याने मला बोलावून घेतले. मी मागून चालायचे, बोलायचे नाही, जवळ यायचे नाही, असे बजावले. वहिनी फाटकात उभ्या राहिल्या. त्या पुढे आल्या नाहीत.

मी त्याच्या मागे चाललो. पुन्हा मला त्याची पाठ दिसत होती. गिरणीशी तो थोडा थांबला, कडुलिंबाशी एकदा चुकला, मागे आला, पुन्हा निघाला. एक मोटरसायकलवाला त्याला वळसा घालून गेला आणि जाताना काहीतरी बोलला. पूर्ण रस्ताभर मला समोर काय आहे ते सांगावेसे वाटत होते. दुकानाची पायरी काठीला लागली तेव्हा तो वळला आणि माझ्या दिशेने, थोडे चुकीच्या बाजूला पाहून म्हणाला, कुलूप उघड, किल्ली माझ्या डाव्या खिशात आहे. मग म्हणाला, राहू दे, मी उघडतो.

बाईंचे शेवटचे पैसे ऑक्टोबरमध्ये दिले. हजर तिघे: तो, मी आणि शिकवणाऱ्या बाई. जागा त्याच्या दुकानाची पायरी. मी साडेतीन हजार रुपये पाकिटातून काढून बाईंना देत होतो, तर त्याने हात पुढे केला आणि ते माझ्याकडून घेतले. पाचशेच्या सात नोटा त्याने बोटांनी मोजल्या, तारेचे वेढे मोजतो तशा, आणि बाईंच्या हातात स्वतः दिल्या.